मागे कुणी उभं असलं की मशीन चालायची

लातूरच्या एका शिक्षण संस्थेत एका कारकुनाला कॉम्प्युटरच्या खुर्चीवरून उठवून शाळेच्या घंटेजवळच्या स्टुलावर बसवलं. ते माझ्यामुळे झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्यांना उठवलं त्यांनाही नाही. या अंकाच्या संपादकांनी खरं तर धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले होते. तसेही आहेत, एखादा सांगतो. पण दरवेळी लिहायला बसलो की त्या स्टुलापाशी येऊन थांबतो, म्हणून आधी तेच सांगून टाकलं. माणसांची नावं बदलली आहेत, घडलेलं बदललेलं नाही.

माझा धंदा काय, हे माझ्या सख्ख्या मामालाही अजून कळलेलं नाही. तो गावात सांगतो, "भाचा नांदेडात टीव्ही नीट करतो." मी भोकर तालुक्यातल्या शेतकरी घरातला. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि वजिराबादेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढं गल्लोगल्ली दुकानं झाली. लोक दुरुस्त करण्याऐवजी नवीनच घेऊ लागले. त्या पडत्या काळात मला एक चमत्कारिक काम सापडलं आणि ते माझ्या हाताला जमलं.

आपल्याकडे ज्यांनी अगदी सुरुवातीला कॉम्प्युटर घेतले, त्यांनी कुणाकडून तरी एकेक प्रोग्राम लिहून घेतला होता. डाळ मिलवाल्यानं पोत्यांचा, डॉक्टरनं पेशंटचा, शाळेनं दाखल्यांचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, ना चित्र ना माऊस. लिहून देणारा पोरगा पुढं पुण्याला गेला, नाहीतर कायमचा गेला. प्रोग्राम मात्र राहिला आणि वापरणाऱ्यांच्या बोटांत मुरला. मग एक दिवस ती जुनी मशीन बंद पडते. तिचा एकही भाग बाजारात मिळत नाही, आणि नव्या कॉम्प्युटरला तो जुना प्रोग्राम समजत नाही. अशा वेळी मला बोलावणं येतं.

मी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर उभा करतो. खरा नव्हे, सोंग. नव्या मशीनीतला एक प्रोग्राम जुन्या मशीनीचं इतकं हुबेहूब सोंग घेतो की जुन्या प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत. त्याला एम्युलेटर म्हणतात. हे बसवणं तसं सोपं आहे. अवघड पुढचं. हा सोंगातला कॉम्प्युटर आतल्या खोलीत कडी लावून बसवलेल्या माणसासारखा असतो. बाहेर प्रिंटर आहे, शेजारच्या टेबलावर दुसरी मशीन आहे, कोपऱ्यात सगळ्यांचा हिशेब ठेवणारी तिसरी आहे, यातलं त्याला काही दिसत नाही. त्याला बाहेरच्या तारेशी जोडून द्यावं लागतं. त्यासाठी त्याला एक सोंगातलंच नेटवर्क कार्डही द्यावं लागतं. ज्या कार्डाला हात लावता येत नाही, ते बसवायचं आणि चालवायचं. माझ्या धंद्याचं सगळं कसब या जोडण्यात आहे.

जोडणं चुकलं की काय होतं? नांदेडातल्या एका ज्योतिषी महाराजांना त्यांचा जुना पत्रिकेचा प्रोग्रामच हवा होता. नव्या प्रोग्राममधले ग्रह त्यांना पटत नव्हते. "चपळ आहेत, पण खरं बोलत नाहीत," म्हणायचे. मी बसवून दिलं. प्रिंटर जोडताना माझ्याकडून पत्ता चुकला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्या रज्जाकभाईंच्या प्रिंटरला जाऊन भिडला. दोघं एकाच वाय-फायवर होते. दुसऱ्या दिवशी रज्जाकभाई कागदांचा गठ्ठा घेऊन आले. "महाराज, तुमची कुणाची तरी साडेसाती सकाळपासून आमच्या दुकानात निघून राहिली. आमच्या मागं कायको लावता?" महाराजांनी गठ्ठा बघितला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ही साडेसाती तुमचीच दिसते." आम्ही तिघंही पोट धरून हसलो. एका मिनिटात मी पत्ता बदलला आणि विषय संपला.

लातूरचा विषय तसा संपला नाही.

ती संस्था जुनी आहे. हायस्कूल, कॉलेज, मुलींची शाळा, असं बरंच. हायस्कूलच्या आवारातच संस्थेचं ऑफिस. तिथं जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी एका जुन्या प्रोग्रामात ठेवलेल्या होत्या. आता आपल्याकडे शाळेच्या जुन्या नोंदीला किती भाव आहे हे तुम्हाला माहीत आहे. जात पडताळणीला आजोबाचा निर्गम उतारा लागतो. तो काढायला लोक किनवट-इस्लापूरपासून येतात, व्हरांड्यात ताटकळतात. ऑफिसातल्या दोन्ही मशीनी एका पाठोपाठ गेल्या, तेव्हा संस्थेच्या सचिवांनी मला नांदेडहून बोलावलं. त्यांना सगळे नुसते 'साहेब' म्हणत.

दोन टेबलं होती. एकावर शुभम, साहेबांच्या नात्यातला, नुकताच लागलेला. त्याच्याकडे उतारे काढून छापण्याचं काम. दुसऱ्या टेबलावर वाघमारे सर. ते या संस्थेत शिपाई म्हणून लागले होते. घंटा देता देता बी.ए. झाले, टायपिंग शिकले, कारकून झाले. शाळेत शिपायाला सगळे मामा म्हणतात. वाघमारे 'मामा'चे 'सर' झाले, याला किती वर्षं लागली ते त्यांनाच ठाऊक. जुन्या फाटक्या रजिस्टरांतल्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्यांच्याकडे होतं. ते सावकाश करायचे. एक नोंद उघडायची, रजिस्टरवर पट्टी ठेवायची, ओळ वाचायची, टाईप करायची, पुन्हा वाचायची. मी एकदा म्हटलं, "सर, जरा हात उचला की." ते म्हणाले, "आडनावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर नातवाचं ॲडमिशन जातं, सर. त्या पोराला मी काय सांगू, मला घाई होती म्हणून?" संध्याकाळी जाताना ते कीबोर्डवर धुतलेला नॅपकीन पसरून जायचे.

मी काम केलं. दोन नवे कॉम्प्युटर, दोन्हींत जुन्याचं सोंग. कोपऱ्यातल्या तिसऱ्या मशीनीत सगळ्या नोंदी. मधे तारा जोडणारी छोटी पेटी, जिला आम्ही स्विच म्हणतो. माझी काम करायची एक पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता. सोंगातली एक जुनी मशीन मी माझ्या दुकानात अगदी मनासारखी बसवून ठेवली होती. जिथं जाईन तिथं तिचीच नक्कल करायची, तिथलं नाव आणि पत्ता घालायचा, झालं. इतर लोक ज्या कामाला आठवडा लावत ते मी एका दुपारी उरकायचो. लातूरलाही तसंच केलं. साहेबांनी पेढे मागवले. वाघमारे सर काळ्या पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तीच हाय की. मला वाटलं होतं, गेली."

थोड्याच दिवसांत फोन सुरू झाले. वाघमारेंची मशीन अडकते. नोंद पूर्ण करून जतन करायला जावं की पडदा थिजतो, मग बाहेर फेकतो, नोंद गायब. रोज नाही, सारखी नाही. कधी सकाळभर नीट. शुभमची तक्रार नाही. मी फोनवरच नेहमीची औषधं सांगितली. तार काढून घाला, बंद करून चालू करा. फरक पडला नाही. मग एका बाईच्या सासऱ्याचा उतारा सापडेना. वाघमारे म्हणाले, मी स्वतः चढवला होता. मशीनीत तो नव्हता. ती बाई लांबून दोनदा येऊन गेलेली. तिनं व्हरांड्यात रडून गोंधळ घातला, आणि साहेबांनी मला ताबडतोब बोलावलं.

मी गेलो तेव्हा ऑफिसात सगळेच होते. साहेब, हेडक्लार्क देशमुख, शुभम, दारात दोन शिक्षक. साहेबांनी विचारलं, "दोन्ही मशीनी सारख्याच आहेत ना?"

"अगदी सारख्या," मी म्हणालो. "एकीची नक्कल दुसरी."

"मग ह्यांचीच का अडकते?"

मी वाघमारेंच्या खुर्चीवर बसलो. नोंद उघडली, भरली, जतन केली. पुन्हा केली. एकदाही अडकली नाही. सगळे मागं उभे राहून बघत होते. शुभमही आपलं टेबल सोडून माझ्या खांद्यामागं आला होता.

"आता तुम्ही करून दाखवा," साहेब म्हणाले.

वाघमारे बसले. त्यांनी रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवली, ओळ वाचली, टाईप केली, पुन्हा वाचली. जतन केली. झाली. दुसरी केली. तीही झाली. त्यांच्या मानेवर घाम आला. माणूस आपलं दुखणं डॉक्टरला दाखवायला जावा आणि नेमकं तेव्हाच दुखू नये, तसं त्यांचं झालं होतं.

देशमुख म्हणाले, "साहेब मागं असले की चालते बघा. मशीन बी साहेबाला भिते."

शुभम म्हणाला, "मशीन न्हाई हो, सर भितेत."

दारातले दोघं हसले. वाघमारे माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, मी खोटं कशाला बोलू? रोज अडकते. आत्ताच तेवढी न्हाई अडकली."

"आम्ही गेलो की अडकंल," देशमुख म्हणाले. "लई हुशार मशीन हाय."

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "तुम्ही जाणकार आहात. एका शब्दात सांगा. मशीन का माणूस?"

मी म्हणालो, "मशीन नीट आहे, साहेब."

मी एवढंच बोललो. उरलेलं अर्धं वाक्य त्या खोलीत कुणाला बोलावं लागलं नाही.

महिन्याभरात वाघमारेंना कॉम्प्युटरवरून काढून शाळेकडे पाठवलं. कागदोपत्री कारकूनच, पगार तोच. पण काम घंटेचं आणि पाण्याचं. त्यांची मशीन बंद करून कपाटात ठेवली. मग साहेबांचा फोन आला. "तुमचं बरोबर होतं हो. त्यांना हलवलं आणि सगळं सुरळीत झालं. एकदाही तक्रार नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. संस्थेच्या बाकीच्या शाळांचं कामही त्यांनी मलाच दिलं.

पुढच्या वर्षी उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये मी हेच काम केलं. तिथंही दोन टेबलं. एकावर मुनीम, एकावर खुद्द शेटजी. आठवड्यात शेटजींचा फोन. "अहो, माझी मशीन अडकून राहिली. मुनीमाची चालते. तुमचं काय तरी चुकलंय बघा." मी दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसनं उदगीरला पोचलो, कुणालाही नोंद भरून दाखवायला सांगितलं नाही, आणि सरळ मशीनच्या आतल्या सेटिंगला हात घातला.

तिथं ते दिसलं. आता हे जरा समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला जन्मतः एक नंबर असतो. जगात कुणाचाच दुसऱ्यासारखा नसतो. सोंगातलं कार्ड मात्र जन्मलेलंच नसतं, त्याला नंबर आपण द्यायचा. नाही दिला तर जो आधीपासून भरलेला असतो तोच राहतो. मी प्रत्येक नकलेत नाव बदलत होतो, पत्ता बदलत होतो. हा नंबर कधीच बदलला नव्हता. गावोगावी एकेकटी मशीन असेल तर काही बिघडत नाही. पण एकाच खोलीत एकाच नंबरच्या दोन मशीनी आल्या की मधली ती स्विचची पेटी गोंधळते. त्या नंबराचा आवाज शेवटचा जिकडून आला, तिकडं ती उत्तर पाठवते. जो सारखा बोलतो, सारखे उतारे काढतो, त्याच्याकडे ती वळलेली राहते. जो पट्टी ठेवून वाचत बसतो, त्याला ती विसरते. तो विचारतो, आणि उत्तर दुसऱ्याच्या टेबलावर जातं. शुभमचंही मधूनच क्षणभर अडकत असणार. तो पुन्हा बटण दाबून विसरत असणार. वाघमारेंची मात्र अख्खी नोंद जायची.

आणि शुभम त्याच्या टेबलावरून उठून त्यांच्या मागं उभा राहिला, की त्याची मशीन गप्प. मग वाघमारेंची नीट चालायची. म्हणून बघायला गेलं की कधीच अडकायची नाही. म्हणून त्यांना उठवलं, दुसरी मशीन बंद झाली, आणि सगळं सुरळीत झालं.

मी उदगीरच्या मिलमध्ये डाळीच्या धुळीत बसून शेटजींच्या मशीनमधल्या त्या नंबराचा शेवटचा आकडा बदलला. शेटजी म्हणाले, "झालं? एवढंच होतं व्हय?" मी म्हणालो, "एवढंच होतं." दुकानात परत येऊन, माझ्याकडे ठेवलेल्या लातूरच्या दोन्ही नकला उघडल्या. दोन्हींचा नंबर एकच. मला ते बघायची गरजही नव्हती.

तांत्रिक चूक कुणाकडूनही होते. मी त्या चुकीबद्दल हे लिहीत नाही. मालकाची मशीन अडकली तेव्हा मी दुसऱ्याच क्षणी माझ्या कामात चूक शोधली. वाघमारेंची अडकली तेव्हा मी वाघमारेंत शोधली. शुभमची अडकली असती तरी मी मशीनच उघडली असती. वाघमारेंच्या बाबतीत मला ते सुचलंच नाही. का सुचलं नाही, हे मला माहीत आहे. ज्या घरात, ज्या गावात मी वाढलो, तिथं त्यांच्या वस्तीतल्या माणसाबद्दल काय बोललं जातं ते मी लहानपणापासून ऐकत होतो. मी स्वतः कधी तसलं काही बोललो नाही, याचा मला अभिमान होता. बोललो नाही, पण त्या दिवशी खोलीत सगळ्यांनी जे लगेच मानलं ते मीही लगेच मानलं. मी तर जाणकार म्हणून त्यावर शिक्का मारला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. फोन उचलून साहेबांना दोन वाक्यं. मी पुढच्या खेपेला समक्ष सांगू म्हटलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा साहेब चार बाहेरच्या लोकांसमोर माझी ओळख करून देत होते, "हे आमचे नांदेडचे तज्ज्ञ." शुभमनं खिडकीतून हाक मारली, "मामा, सरांना पाणी आणा." वाघमारे तांब्या-ग्लास घेऊन आले. त्यांनी मला नमस्कार केला. मी ग्लास घेतला, पाणी प्यालो, आणि ग्लास परत दिला. त्या खोलीत त्यांना पुन्हा 'सर' म्हणण्याएवढी हिंमतही माझ्यात नव्हती. नुसतं "बरं आहे ना?" म्हणालो. "हाव, चालू हाय," ते म्हणाले. त्यानंतर मी तिथं जाणं टाळत गेलो. जमेल ते काम फोनवरून करायचो, उरलेलं दुसऱ्याला देऊन टाकलं.

ते निवृत्त होऊन नांदेडला, नदीपलीकडं सिडकोत मुलीकडे राहायला आल्याचं मला माहीत नव्हतं. एक दिवस फोन आला. "सर, मी वाघमारे. लातूरचा. तुमच्याकडं एक काम होतं."

मला वाटलं, यांना कळलं.  पण काम निराळंच होतं. त्यांना घरी तीच मशीन बसवून हवी होती. तोच काळा पडदा, तोच प्रोग्राम, रिकामा असला तरी चालेल.

"कशाला, सर?" मी विचारलं.

"सराव करावा म्हणतो. माझं तिथं नेमकं काय चुकायचं, ते एकदा मला बघायचंय."

मी गेलो. लहानसं नीटनेटकं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलीच्या पदवीचा फोटो. मुलगी प्रज्ञा बँकेत आहे. तिनं वडिलांसाठी वापरलेला कॉम्प्युटर आणला होता. मी एम्युलेटर चढवला आणि प्रोग्राम सुरू करून दिला. वाघमारे म्हणाले, "एकटी नको, सर. तिथं दोन होत्या, कोपऱ्यात तिसरी. तशीच जोडा. प्रज्ञाचा लॅपटॉप शुभमच्या जागी धरा. जोडलेली असतानाच माझ्याच्यानं काही तरी व्हायचं."

प्रज्ञा मला आतल्या दारापाशी हळूच म्हणाली, "अंकल, तुम्हाला त्रास देतोय. पण ते हेच धरून बसलेत. जेवताना मधेच विचारतात, मी एंटर दोनदा दाबत असेन का गं?"

तिसरी मशीन मी दुकानातून आणली. लॅपटॉपवरही तीच नक्कल चढवली, तारा जोडल्या, स्विच ठेवला. मग दोन्ही नकलांच्या सेटिंगमध्ये गेलो, त्या नंबरापाशी. वाघमारे शेजारी खुर्ची ओढून बसले होते, चष्मा पुसून. तिथं माझा हात थांबला. नंबर तसाच ठेवला असता, तर त्यांच्या डोळ्यांसमोर ती मशीन अडकली असती. प्रज्ञानं लॅपटॉपवर दोन-चार उतारे काढले असते आणि वडिलांचा पडदा थिजला असता. मला तोंडानं काही कबूल करायचीही गरज पडली नसती. मशीननंच सांगितलं असतं.

मी नंबर बदलला. दोन्हींना वेगवेगळा दिला.

"हे काय केलं, सर?" त्यांनी विचारलं.

"कार्डाला नंबर दिला. प्रत्येकाला वेगळा द्यावा लागतो."

"असं व्हय." त्यांनी दोन्ही आकडे वाचून पाहिले. मग अगदी साधेपणानं, शिकणारा माणूस विचारतो तसं विचारलं, "तिथं बी दिला होता न्हवं?"

"हाव," मी म्हणालो. "दिला होता."

प्रज्ञा लॅपटॉपवर बसली. वाघमारे तिला म्हणाले, "तू शुभम हो. भराभरा काढ. थांबू नको." ती हसत हसत बटणं दाबत राहिली. ते पट्टी ठेवून एका जुन्या वहीतली नावं चढवत राहिले. एकही नोंद अडकली नाही. ती म्हणाली, "बघा बाबा, येतंय की तुम्हाला." त्यांनी पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली. मी चहा घेतला आणि निघालो. त्यांनी मजुरी घ्यायचा आग्रह केला, मी नको म्हणालो, तर ते मुलीला म्हणाले, "बघ, माणसं अशी असतेत." 

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा त्यांचा फोन आला. आवाज मोकळा होता, इतका मोकळा मी तो कधी ऐकला नव्हता.

"सर, लातूरला जाऊन आलो."

"लग्नकार्य होतं का?"

"न्हाई, साहेबांकडं गेलतो. आता ते बी घरीच असतेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सर, तुम्ही लावून दिलेली मशीन मी रोज चालवतो. सणावारी बी बसतो. एकदा, एकदा बी अडकली न्हाई. तिथं बी तुम्हीच बसवलेली, अशीच जोडलेली, नंबर बी दिलेले. मग चूक कुणाची राहिली? माझीच न्हवं? मी उगं इतकी वर्षं त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मला वाटायचं, जात बघून उठवलं मला. म्हटलं, मरायच्या आधी हे साफ करावं. गेलो, हात जोडले. म्हटलं, साहेब, तुमचं बरोबर होतं, माझंच ध्यान ठिकाणावर नव्हतं, माफ करा."

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"लई चांगलं बोलले. म्हणाले, जाऊ द्या वाघमारे, मी तर कधीच विसरलो. सुनेला चहा करायला लावला." मग म्हणाले, "आता झोप लागते, सर. म्हणून तुम्हाला सांगावं म्हटलं. तुमच्यामुळं झालं."

मी म्हणालो, "बरं झालं, सर." आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक कारण सांगत आलो आहे. आता सांगितलं तर त्यांची झोप जाईल, आता त्यांना कशाला छळायचं. हे कारण मला इतकं सोयीचं आहे की ते खरं नाही, हे मला कळतं. झोप त्यांना खोट्यावर लागते आहे आणि ते खोटं मी पुरवलेलं आहे. हे इथं लिहून मी मोकळा झालो, असंही कुणी समजू नये. नावं बदलून अंकात लिहिणं आणि माणसासमोर उभं राहून सांगणं यात किती अंतर आहे, ते मला ठाऊक आहे. मी अजून अलीकडच्याच बाजूला आहे.

वाघमारे सर सिडकोत राहतात, साहेब लातूरला. दोघंही हयात आहेत. वाघमारे सरांसमोर खरं काय ते बोलणं, मग त्यांना सोबत घेऊन लातूरला जाणं, आणि ज्या माणसापुढं त्यांनी हात जोडले त्याच्यापुढं "मशीन मी चुकीची बसवली होती, आणि मीच ती नीट आहे म्हणालो होतो" असं सांगून त्यांची माफी त्यांना परत मिळवून देणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.